वेबसाइटवर चालून आलेले साडभाऊ

लेखक म्हणून मी स्वतःची वेबसाइट काढली, तिच्यावर माझे सव्वीस फोटो टाकले आणि पुस्तकं कुठे मिळतात ते टाकायचं विसरलो. बरेच महिने हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण तोवर ती वेबसाइट माझ्याशिवाय कुणी उघडलीच नव्हती. ध्यानात आलं ते सानगडीच्या माझ्या साडभाऊंच्या, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांच्या. सबंध भंडारा जिल्ह्यात ज्याच्या ध्यानात येऊ नये असा एकच माणूस निवडायचा झाला, तर मी यांनाच निवडलं असतं.

राग तुम्हाआम्हाला येतो आणि जातो. साडभाऊंकडे तो मुक्कामालाच असतो. सकाळी आधी टीव्हीवरच्या हवामानवाल्या बाईवर चिडायचं ("इथं माह्या बांधीत उभी राहून सांग न बाई!"), मग चहावर, मग धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरलेल्या बगळ्यांवर. एका लग्नात मंगलाष्टकं लांबली, तेव्हा त्यांनी मधेच मूठभर अक्षता उधळल्या आणि "लागलं लगन, बसा जेवाले!" असं जाहीर करून निम्मा मांडव पंगतीला बसवला. बँकेच्या मशीनवर ‘कृपया प्रतीक्षा करा’ असं आलं, तर त्यांनी मशीनला "कायले?" असं विचारलं आणि मागे रांग लागली तरी उत्तराची वाट पाहत उभे राहिले. पुस्तकंही ते रागानंच वाचतात. पान उलटलं की कुणाच्या तरी कानफटात बसल्यासारखा आवाज येतो. तरीही माझी सगळी पुस्तकं वाचलेला आमच्या नात्यातला हा एकमेव माणूस, हे मला कबूल करावं लागतं आणि त्याचाही मला राग येतो.

त्या दिवसांत त्यांनी माझ्याशी अबोला धरला होता. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसभर जत्रा, रात्री नाटक आणि घरोघर पाहुणे. मंडईला गेलेल्या माणसानं नातलगाकडे न जेवता परतणं म्हणजे नातं तुटल्याची दवंडीच. मी सानगडीच्या मंडईत मंचावर शाल घेतली, आयोजकांकडे जेवलो आणि मोठ्या दिमाखात साकोलीला घरी परतलो.

असे अबोल्यातले साडभाऊ एका दुपारी हातात मोबाइल घेऊन आमच्या अंगणात उभे राहिले. बायकोनं पाणी पुढं केलं.

"पाणी मंग. पहिले याले विचार, घरी माणूस आला त त्याले पाणी देतेत का मालकाचे फोटो दाखवतेत?"

"काय झालं, भाऊ?" मी म्हणालो.

"काय झालं? तुही वेबसाइट उघडली. पडदा सरकला, बासरी वाजाले लागली. बंद कराले गेलो त बंदच नाही होत! बांधीतल्या सगळ्या बाया हासून राहिल्या. मंग तू आला, गालाले हात लावून. खाली सरकवलं, पुन्हा तू! शाल घेऊन तू, नारळ घेऊन तू. अन् ‘साहित्यप्रवास’ म्हणून जे लिहिलं, ते राखुंडीच्या रंगाचं. चष्मा लावला तरी दिसत नाही. पुस्तकाचं चित्र भेटलं एकदाचं, त दाबून दाबून बोट दुखलं. कुठं भेटते पुस्तक? कोणाले मागाचं? तुहा फोन नंबर बी नाही तिथं!"

आता मलाही राग चढला. "माझा नंबर तुमच्याकडे आहेच की!"

"मी बोलत नोतो न तुह्याशी! कसा लावू?"

त्यांनी फोटो पुढं सरकवला. "ही शाल मंडईचीच न? जेवाले वेळ नोता, फोटोले होता."

"भाऊ, लेखकाच्या वेबसाइटवर लेखकाचं व्यक्तिमत्त्व दिसावं लागतं."

"दिसलं न. सव्वीस वेळा दिसलं."

"पण तुम्हाला पुस्तक हवंय कशाला? तुमच्याकडे आहे ना?" मी ओरडलोच.

त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. मंडईतल्या कुणा पाहुण्यानं त्यांची प्रत वाचायला म्हणून नेली, ती परत आलीच नाही. त्या पुस्तकात ताईंवर, म्हणजे त्यांच्या बायकोवर, मी चार पानं लिहिली होती. धानाची रोवणी, म्हणजे लावणी, चालू असताना हे बांधावरून बायांवर खेकसत होते, तेव्हा ताईंनी चिखलाचा गोळा नेम धरून यांच्या गालावर हाणला आणि मग पाण्यातच बसून हसत राहिल्या. ताई जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

"फोटो हायेत तिचे," साडभाऊ म्हणाले. "लग्नातला हाय, आधार कार्डाचा हाय. एकातबी हासत नाही. तिचं हासणं तुह्या त्याच पानावर हाय. नात पुण्याले राह्यते, तिले दाखवाचं होतं. म्हटलं, वेबसाइटवर असल."

माझा राग कुठं ठेवावा ते मला कळेना. आतून माझी प्रत आणली आणि अंगणातच वाचायला बसलो. ते तोंड फिरवून, कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. चिखलाचा गोळा आला तेव्हा त्यांनी हळूच गाल पुसला. मग पाणी मागितलं आणि बायकोनं वाढलेलं मुकाट जेवले. भाजीत मीठ कमी होतं, तरी बोलले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी मी वेबसाइट उलटीपालटी करायला लावली. पडदा गेला, बासरी गेली, अक्षरं काळीभोर झाली. पुस्तक कुठं मिळतं ते आलं, माझा नंबर आला, आणि अगदी वर, उघडल्याबरोबर, ताईंची चारही पानं. फोटो पंचवीस काढून टाकले. गालाला हात लावलेला तेवढा एक, मोह आवरला नाही म्हणून, त्या पानांच्या बाजूला राहू दिला.

आठवड्यानं साडभाऊंचा फोन आला. बांधीत असावेत; वारा ऐकू येत होता.

"नातीनं वाचलं," ते म्हणाले. "आजी एवढी हासे का, म्हणे." मग आवाज चढवून म्हणाले, "बराबर झालं आता. फक्त तुहा तो फोटो काढ. ती एवढी हासून राहिली, अन् तू बाजूले दात दुखल्यावानी बसला."