सारजाआत्याचा समुद्र

नातीनं वही पुढ्यात आपटली अन् म्हणली, "आबा, रेवदंड्याचे किस्से लिहा." दुसरी शिकलेल्या माणसाला काहून ही तकलीफ? निजामाच्या राज्यात होतो तव्हा एकदाच गेलो तिकडं. पण परमुलखात पाय टाकला की किस्से धोतराला कुसळावानी चिकटतात. घ्या!

तिघं होतो. मी, चुलतभाऊ ग्यानबा अन् आमची म्हातारी सारजाआत्या. तिला मरायच्या आत समुद्र बघायचा होता. उन्हाळ्यात आमी कयाधू नदीच्या वाळूत खड्डा उकरून पाणी काढतो, त्याला झिरा म्हणतात. नवरा गेल्यापासून आत्याचा नेम होता, पाणी प्यायचं ते घरच्यानं काढलेल्या झिऱ्याचंच! म्हणून कळमनुरीपासून रेल्वे, मोटार, लाँच, सगळीकडं भरली कळशी संभाळत नेली.

*

समुद्र दिसला. एवढं पाणी, अन् काठच न्हाई!

ग्यानबानं एका कोळ्याला विचारलं, "पल्याड कोणतं गाव?"

"अरबस्तान!"

"बरं. तिथला बाजार कोणत्या वारी?"

*

फिरंग्यांचा पडका किल्ला, आत नारळाची झाडं, अन् मधी सातखणी बुरूज. मान मोडस्तोवर वर बघितलं. आत्यानं दगडाला हात लावला.

"बांधणारे कुठं गेले रे?"

"मेले, आत्या."

"अन् हा त्यांची वाट बघून राहिला!"

*

दुपारी वाळूत भाकरी सोडली. पाणी सरकत सरकत पायाशी आलं. ग्यानबा बोंबलला, "पूर आला! पळा!" त्याच्याच लाथेनं कळशी कलंडली. आमी किल्ल्याच्या तटावर चढून बसलो.

मघाचा कोळी पोट धरून हसला. "अहो, भरती हाय! रोज दोनदा येते."

ग्यानबा म्हणतो, "पाऊस कुठं पडला पण?"

*

कळशीत थेंब उरला न्हाई. आत्याचे ओठ वाळले. एका कोळणीनं पाण्याचा तांब्या आणला, आत्यानं हात जोडले. शहाळं आणलं. "ते फळ हाय, पाणी न्हाई." संध्याकाळपत्तर म्हातारी तटाला टेकून पडली. बोलणं बंद.

मी उठलो. भरतीच्या रेघेच्या वर, नारळाच्या मुळाशी गुडघे टेकले अन् वाळू उकरू लागलो.

ग्यानबानं सारा कोळीवाडा गोळा केला. "बघा, बघा! समुद्राच्या उशाशी गोड पाणी काढून राहिला! याला दाव्यानं बांधा, याचं डोकं फिरलं!" सारे हसले. मी उकरतच राहिलो.

कोपरभर गेलो अन् ओल लागली. मग पाझर. गढूळ होतं, निवळू दिलं. ओंजळ भरून आत्याच्या तोंडाला लावली. ती पिली. पुन्हा पिली. मग डोळे उघडून समुद्राकडं बघत म्हणली, "एवढा मोठा हाय, पण आपल्यासाठी जागा सोडली बघ त्यानं."

कोळ्यांतला एकेक जण वाकून चाखू लागला.

सगळ्यात जास्त पाणी कोण पिला? ग्यानबा! पालथा पडून, बैलावानी! तोंड पुसलं अन् म्हणला, "चला, अंधार पडला." आज त्याच्या तोंडात एक दात न्हाई, पण 'चुकलं' एवढा शब्द अजून त्या तोंडातून आला न्हाई.