वरसेच्या घराचा विसार

१९९८ सालच्या दसऱ्याला सकाळी अकराच्या सुमारास मी रोह्याजवळच्या वरसे गावातल्या घरासाठी एक्कावन्न हजार रुपये विसार दिला. घराची किंमत तीन लाख पंच्याहत्तर हजार ठरली होती. रोह्याच्या मोहल्ल्यात, घरमालकाच्या आईच्या ओटीवर बसून पैसे दिले. हजर चौघे होतो: घराचे मालक, त्यांच्या आई, मी, आणि साक्षीदार म्हणून धाटावच्या माझ्याच केमिकल प्लांटमधला एक जोडीदार. बायको आली नाही. मुलीला बरं नाही असं तिने सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. पण मुलगी ठणठणीत असती तरी बायको आली असती असं मला वाटत नाही.

मी नोटा तिसऱ्यांदा मोजायला घेतल्या तेव्हा जोडीदार म्हणाला, "भाई, चहा परत गरम करायला सांगा. ह्याचं एवढ्यात होत नाय."

घरमालक हसले. ते आखातात नोकरीला होते. दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर यायचे. हे घर त्यांनी स्वतःसाठीच बांधून घेतलं होतं, पण पत्नी मोहल्ला सोडून जायला तयार झाली नाही. "तिकडे बोलायला कोन हाय, भिंती?" असं ती म्हणाली म्हणे. घर दोन वर्षं बंद पडून होतं. त्यांनी स्वतः तिथे एक रात्रही काढलेली नव्हती. हे त्यांनी त्या दिवशी सहज बोलता बोलता सांगितलं. मीही ते सहजच ऐकून घेतलं.

आम्हाला घर बदलणं भाग होतं. रोह्यात आम्ही तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. पावसाळ्यात भिंतींना गुडघ्याएवढी ओल चढायची ती दिवाळीपर्यंत उतरायची नाही. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. तिला दम्याचा त्रास होता. डॉक्टरांनी दोन वेळा सांगितलं होतं, कोरडी जागा बघा, मोकळी हवा बघा. दुसऱ्यांदा सांगताना ते माझ्याकडे बघून नव्हे, बायकोकडे बघून बोलले.

बायकोचं म्हणणं, पेणला जाऊ. ती मूळची पेणची. तिथे गावात, बाजारापासून जवळच, एका नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळत होता, तीन लाख साठ हजारांना. माझं म्हणणं, वरसे. पंधरा हजार जास्त, पण पुढे अंगण, मागे परस, धाटाव स्कूटरवर दहा मिनिटांत. पेणहून मला रोज गाडीने यावं लागलं असतं आणि नाइट शिफ्टला तर संध्याकाळीच घर सोडावं लागलं असतं. शिवाय फ्लॅट म्हणजे काय? खाली दुकानं, समोर दुसऱ्याची खिडकी. डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली होती. मोकळी जागा वरसेत होती. मला हे इतकं उघड वाटत होतं की वाद कशाचा तेच कळत नव्हतं.

आणि मी घर डोळे झाकून घेतलं नव्हतं. पावसाळ्यात दोनदा जाऊन पाणी कुठवर येतं ते पाहिलं होतं. मोरीत बादली ओतून उतार तपासला. बोअरचं पाणी बाटलीत भरून आणलं. फर्स्ट शिफ्ट संपल्यावर गेलो, सेकंडच्या आधी गेलो, नाइट संपल्यावर सकाळीही गेलो. शेजारी एक बाई राहत होत्या, त्यांना विजेचं विचारलं, सापांचं विचारलं, चोऱ्यांचं विचारलं. त्यांनी सगळ्याची नीट उत्तरं दिली.

खरेदीखत फेब्रुवारीत, पतपेढीचं कर्ज मंजूर झालं की करायचं होतं. घरमालकांनी त्यासाठी सुट्टी वाढवून घेतली होती. डिसेंबरात एका रविवारी स्वयंपाकघराचं माप घ्यायचं ठरलं. किल्ली माझ्याकडे होती. माझी नाइट सातला सुटत होती. बायको आणि मुलगी रोह्याहून मिनिडोर रिक्षाने येणार, मी धाटावहून स्कूटरवर. मी पोचलो तेव्हा त्या दोघी फाटकाबाहेर उभ्या होत्या. धुकं होतं. बायकोने पदर नाकाला लावला होता.

"थंडी वाजतेय का?" मी विचारलं.

"तुम्हाला येत नाय?"

"काय?"

तिने पदर आणखी घट्ट धरला. मी मोठा श्वास घेतला. गवताचा, ओल्या मातीचा वास आला. कुणीतरी पाणी तापवत होतं त्या धुराचा आला. बाकी काही नाही. तसं मी तिला सांगितलं.

मुलगी म्हणाली, "बाबा, तुमच्या डब्याच्या पिशवीचा वास येतोय. पण खूप मोठा."

आम्ही आत गेलो. मी टेप काढली, ओटा मोजला, खिडकी मोजली. मुलगी दारात बसून खोकायला लागली. बायकोने पिशवीतून तिचा पंप काढला. मी मांडणीची उंची सांगत होतो, ती लिहून घेत नव्हती. थोड्या वेळाने ती मुलीला घेऊन रस्त्यापर्यंत चालत गेली आणि मिळालेल्या पहिल्या गाडीत बसून निघून गेली.

आमच्या प्लांटमध्ये एक रीत होती. नवीन माणूस आला की पहिले आठवडे वासाने त्याचं डोकं दुखायचं, जेवण जायचं नाही. जुने लोक रोज विचारायचे, "येतोय का रे अजून?" ज्या दिवशी तो म्हणेल, आज काही आला नाही, त्या दिवशी सगळे म्हणायचे, "नाक बसलं!" आणि त्याने पूर्ण शिफ्टला बटाटेवडे द्यायचे. मीही दिले होते. माझं नाक दीड महिन्यात बसलं होतं. इतक्या लवकर कुणाचंच बसलं नव्हतं, म्हणून सुपरवायझरनेही पाठ थोपटली होती. पुढची सगळी वर्षं मी घरी येऊन शर्ट काढायचो आणि बायको तो वेगळ्या बादलीत भिजवायची. वेगळ्या बादलीत का, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.

तरीही त्या रविवारी घरी परत येताना माझ्या मनात आलं ते वेगळंच. हिला पेणला जायचं आहे. म्हणून हिला वास येतोय. मुलगी काय, आईचं बघून बोलणार. दुपारी जेवताना मी ते बोलूनही दाखवलं.

तिने ताटातला भात कालवायचा थांबवला. "मग पोरगी खोकली ती पन माझं बघून?"

"ती इथेही खोकते."

"व्हय. म्हनूनच घर बदलतोय ना आपन?"

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी कळलं की ती मुलीला शाळेसाठी तयार करून शेजारणीकडे ठेवत होती आणि सकाळच्या गाडीने एकटी वरसेला जाऊन येत होती. वरसेच्या त्या शेजारच्या बाईंशीही बोलून आली होती. "थंडीत येतो सकाळचा," असं त्या म्हणाल्या होत्या. "वारा पडतो ना. दारं लावून घ्यायची. नवाला ऊन झालं की काय नाय."

मी संध्याकाळी स्कूटर घेऊन त्या बाईंकडे गेलो. म्हटलं, मी इतकं विचारलं, तुम्ही हे का नाही सांगितलंत?

त्या जरा अवघडल्या. "तुम्ही साप विचारलेत, चोर विचारलेत. ह्याचं नाय विचारलंत. आणि तुम्ही स्वतःच तो वास घेऊन यायचात. मला वाटलं, ह्यांना काय सांगायचं?"

वास कुठल्या कारखान्याचा होता ते मला तेव्हाही माहीत नव्हतं, आता तर सांगताच येणार नाही. इतके कारखाने आहेत, आणि माझाही त्यातलाच एक. त्यावर माझं घर चाललं होतं. मला त्यात कुणाला नावं ठेवायची नव्हती. मला फक्त ठरवायचं होतं, आणि ते ठरवायला लागणारी एकच गोष्ट माझ्याजवळ नव्हती. पाण्याची पातळी मी पाहू शकत होतो, जमिनीचे कागद वाचू शकत होतो. हे मला बायकोच्या शब्दावर घ्यावं लागणार होतं, आणि बायकोचा कल तर आधीपासून पेणकडे. जोडीदाराला पहाटे घेऊन गेलो. तो म्हणाला, "फस्क्लास हवा हाय. पैशे काय फुकट घालवतोस?" तो माझ्याही आधी कामाला लागलेला, त्याचं नाक कधीचंच बसलेलं.

विसाराच्या कागदावर लिहिलं होतं, खरेदी करणारा मागे हटला तर विसार बुडाला. एक्कावन्न हजार म्हणजे आमची जवळजवळ सगळी शिल्लक. ती बुडाली तर पेणचा फ्लॅटही अवघड होता. पुढचे तीन आठवडे आमच्या घरात रोज तेच.

"लोक राहतातच ना तिथे?" मी म्हणायचो.

"राहतात. मी पन राहीन. मला काय होतंय? हिचं बोला."

"दारं लावून घ्यायची सकाळी."

"मग अंगन कशाला घेताय?"

एकदा तर मी चिडून म्हणालो की तुला बुडवायचेच असतील पैसे तर बुडव. मुलगी तिथेच अभ्यास करत होती. तिने वर न बघता विचारलं, "माझ्यामुळे?" बायको उठून तिच्याजवळ जाऊन बसली. मी बाहेर जाऊन उगाच स्कूटर पुसत राहिलो.

शेवटी मी घरमालकांकडे गेलो. सगळं सरळ सांगितलं, माझ्या नाकाचंही सांगितलं, बायकोबद्दलची माझी शंकाही सांगितली. ती मी सांगायला नको होती, पण त्याशिवाय मी त्यांच्याकडे का आलोय ते कळलं नसतं. म्हटलं, भाई, तुम्ही एकदा सकाळी चला. वास नसला तर तुमचा फायदा आहे. असला तर तुमचं नुकसान आहे. तुम्ही जे म्हणाल ते मी मानेन.

त्यांच्या आई आतून म्हणाल्या, "जा रे, बघून ये. घर तुझा हाय, तुला पन कळूदे."

दोन दिवसांनी सकाळी साडेसहाला आम्ही गेलो. धुकं त्या दिवशी कमी होतं. ते झब्ब्याच्या खिशात हात घालून अंगणात उभे राहिले. मग परसात गेले. मग स्वतःच बांधलेल्या त्या घराच्या आत गेले, एकेका खोलीत थांबले, खिडक्या उघडून बघितल्या. माझ्या मनात तेव्हा काय होतं ते लिहितो: त्यांनी नाही म्हणावं, असं मला वाटत होतं. म्हणजे मग घर घ्यायला मी मोकळा.

ते बाहेर आले आणि म्हणाले, "येतो."

मी विचारलं, "थोडा?"

"थोडा कसला, गळ्यात बसतो. खोटं कशाला बोलू? माझी पन पोरं हायत."

मग कडी लावता लावता म्हणाले, "पन पैशे आता नाय माझ्याकडं. ठेकेदाराचं राह्यलेलं, ते तुमच्या विसारातनंच दिलं. घर इकलं की बघू. जेवढा खाली जाईल तेवढा कापून बाकी देईन. कागदावर तर कायच द्यायचा नाय."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? कागद त्यांच्या बाजूने होता. फेब्रुवारीत ते आखातात परत गेले.

पेणचा फ्लॅट घेतला. पतपेढीचं कर्ज, फंडातून उचल आणि बायकोच्या दोन बांगड्या. बिल्डरने थोडी रक्कम मागाहून घ्यायचं कबूल केलं. मार्चमध्ये राहायला गेलो. दुसरा मजला कोरडा आहे, बाजार खाली, शाळा चालत. मुलीचा खोकला पहिल्या वर्षी कमी झाला, गेला नाही. गल्लीच्या टोकाला एक मूर्तींचा कारखाना आहे. मे महिन्यापासून त्याची पांढरी भुकटी खिडकीच्या गजांवर बसते. तेव्हा बायको ओलं फडकं घेऊन फिरते आणि आम्ही खिडक्या लावून बसतो. पेणला आल्यामुळे फरक पडला, की मुलगी मोठी झाली म्हणून, की ओल सुटली म्हणून, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मी रोजचे तीन तास गाडीत घालवतो. मुलगी शाळेत जाताना मी झोपलेलो असतो किंवा निघून गेलेलो असतो. सेकंडच्या आठवड्यात आमची भेट रविवारीच. वरसेत राहिलो असतो तर ती रोज दुपारी मला दिसली असती. हे बायकोला मी सांगितलेलं नाही, आणि तिने न सांगता ओळखलं असेल तर तीही बोललेली नाही.

वरसेचं घर दीड वर्षाने विकलं गेलं. घेणारा आमच्याच प्लांटमधला होता. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, पहाटे वास येतो, घरच्यांना घेऊन जा. तो तीन वेळा जाऊन आला, तिन्ही वेळा एकटा. "कायपन नाय रे. पेणला जाऊन तुझं नाक नाजूक झालं."

"माझं नाही. पोरीचं."

"माझी पोरं कॉलेजात हायत, मुंबईला," तो म्हणाला. त्याने तीन लाख पंचावन्न हजारांना घर घेतलं.

त्या वेळी घरमालक सुट्टीवर आलेले होते. त्यांनी निरोप पाठवला. मोहल्ल्यातल्या त्याच घरी गेलो, ह्या वेळी बायको बरोबर होती. घर वीस हजारांनी खाली गेलं होतं. तेवढे त्यांनी विसारातून कापले आणि एकतीस हजार रुपये बायकोच्या हातात दिले. ह्याची पावती त्यांनी मागितली नाही, मी लिहून दिली. एकतीस हजार दुसऱ्या दिवशी पेणच्या बिल्डरला दिले. त्याचे तीन लाख साठ हजार त्या दिवशी पुरे झाले.