फूल दाखवा, मग क्रमांक घ्या

सस्कॅटूनच्या विद्यापीठातली सुकवलेल्या झाडांची खोली स्टेफा ह्नात्युक एकतीस वर्षं सांभाळत होती. नावामागे डॉक्टर नाही, साधी पदवीही नाही. गव्हाची शेती सोडून आली आणि वर्तमानपत्रांच्या घडीत झाडं दाबायला शिकली, ती तिथलीच झाली. तिचा हट्ट एकच. औषधी झाडावर काम करायचंय ना? मग मूळ, पान, फुलासकट ते झाड आधी तिच्या कपाटात आलं पाहिजे. त्यानंतरच ती नोंदीचा क्रमांक द्यायची. भलेभले प्राध्यापक तिच्या वाटेला जात नसत.

डॉ. गॉर्डन प्रूडन मात्र तिच्या वाटेला गेले. देशभरातले वनौषधींचे संशोधक मिळून एक मंडळ काढणार होते आणि त्याचं अध्यक्षपद प्रूडन यांच्याकडेच जाणार, हे जवळपास ठरलं होतं. एकिनेशिया या औषधी झाडाच्या मुळांवर त्यांनी चार वर्षं घालवली होती. ऑगस्टमधल्या एका दुपारी ते भुकटीची बरणी घेऊन आले.

"स्टेफा, यावर एक क्रमांक टाका बघू. निबंध छापायला जातोय."

"झाड कुठाय?"

"हे काय, बरणीत."

"हे पीठ आहे, डॉक्टर. याचे पिरोगी उकडून खा हवं तर. नोंद नाही व्हायची."

प्रूडन हसले नाहीत. "पुढच्या जूनमध्ये ही खोली बंद करून कपाटं तळघरात टाकायचं चाललंय. मी अध्यक्ष झालो तर एक शब्द टाकू शकतो. विचार करा."

स्टेफाला ठाऊक होतं, तळघरात ओल होती. दोन वर्षांत सगळ्याला बुरशी लागली असती. तरी तिने बरणी त्यांच्याकडे सरकवली. "फूल दाखवा, मग क्रमांक घ्या."

आणि बाई नुसती नाही म्हणून गप्प बसणारी नव्हती. प्रूडन यांनी मागवलेल्या मुळांच्या पोत्यावर ती खणणाऱ्या मिझुरीतल्या माणसाचं नाव होतं. तिने त्याला पत्र घातलं. त्या भल्या माणसाने तेच झाड मुळापासून फुलापर्यंत सुकवून पाठवलं. पाकीट उघडून स्टेफाने फूल भिंगाखाली दोनदा पाहिलं. तिने ते झाड प्रूडन यांच्याकडे नेलं, तर त्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं.

फेब्रुवारीत मंडळाची पहिली सभा भरली. बाहेर उणे पस्तीस, आत प्रूडन यांच्या भाषणाला टाळ्या. मागच्या रांगेतून स्टेफा उठली.

"आपण कुठल्या प्रयोगशाळेच्या?" कुणीतरी विचारलं.

"प्रयोगशाळा नाही. कपाटं आहेत." तिने कागदावर शिवलेलं झाड उंच धरलं. फुलं पांढरी, बटणाएवढी. "एकिनेशिया जांभळं असतं, हे आमच्याकडे शाळेतली पोरंही सांगतील. डॉक्टर, तुमच्या पोत्यातलं झाड हे. चार वर्षं तुम्ही याचा अभ्यास केलात!"

प्रूडन कानापर्यंत लाल झाले. मग हॅलिफॅक्सच्या एक बाई उभ्या राहिल्या. "आमच्याकडेही विकतची भुकटीच आहे. झाड आम्ही पाहिलेलं नाही." पाठोपाठ व्हिक्टोरियाचा माणूस उठला, मग विनिपेगचे दोघे. आपली चूक भर सभेत सांगायला छाती लागते, आणि त्या दिवशी ती बऱ्याच जणांनी दाखवली. मंडळाचा पहिला नियम तिथेच ठरला: कपाटात झाड नसेल तर निबंध नाही. प्रूडन यांनी आपला निबंध स्वतः मागे घेतला. अध्यक्ष दुसरंच कुणी झालं.

खोली बंद करायचा हुकूम मात्र कायम राहिला. जूनच्या अखेरीस विभागप्रमुख हमाल घेऊन आले, तर पाय ठेवायला जागा नव्हती. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली वर्तमानपत्रांत दाबलेल्या झाडांची पुडकी दारापर्यंत रचलेली होती आणि नोंदीसाठी लागलेल्या रांगेत खुद्द प्रूडन उभे होते. गुडघ्यांना माती, हातात पुडकं.

स्टेफाने ते उघडलं. मूळ होतं, पानंही होती. तिने पुडकं तसंच बांधून त्यांच्या हातात दिलं.

"फूल नाही. जुलैत फुलतं, तेव्हा या."

"अहो, जुलैत ही खोली..." विभागप्रमुख म्हणाले.

स्टेफाने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. "जुलैत या, डॉक्टर. मी इथेच आहे. पुढचं कोण?"