पांढरी काठी घेतलेली महिला

काचबिंदूने पत्नीची दृष्टी गेली. गेली ती परत येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. आम्ही ऐकून घेतले आणि रिक्षाने घरी आलो. त्यानंतर आमच्या घरात ‘आंधळी’ हा शब्द कुणी उच्चारला नाही.

पुण्यातल्या मुलीने आईचा फोन बोलका करून दिला. पडद्यावर येईल ते तो मराठीत वाचून दाखवी. नातेवाइकांच्या ग्रुपवर मुलगी आईची खुशाली कळवत असे. तो शब्द टाळण्यासाठी ती वाक्याच्या शेवटी एक छोटे चित्र टाकी : हातात पांढरी काठी घेऊन चाललेली बाई. पाहणाऱ्याने समजून घ्यावे, एवढाच तिचा हेतू. फोनला असला आडपडदा ठाऊक नसतो. तो चित्रही वाचतो.

एका दुपारी भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता पत्नीने विचारले, “अहो, ही बाई कोण वो?”

“कुठली?”

“पांढरी काठी घेतलेली महिला. आई जेवली म्हणतंय, की लगेच ही हजर. पोरीनं माझ्यावर ध्यान द्यायला बाई ठेवलीया का काय?”

“चित्र आहे ते. तुझ्यासाठी टाकते ती.”

तिचा हात थांबला. “साडी हाय?” तिने विचारले.

“नाही. शर्ट आणि पँट.”

“मग ती मी न्हवं.” तिने पुन्हा शेंग फोडली. “बसलीया का उभी?”

“चालते आहे.”

“हात कुणी धरलाय?”

“कुणी नाही. एकटीच आहे.”

यावर तिने शेंगांचे ताट बाजूला सारले. “मला तसली काठी आणा.”

कारण मला माहीत होते. तिची थोरली बहीण, अक्का, दोन गल्ल्या पलीकडे अंथरुणाला खिळून होती. रोज दुपारी जाऊन तिची वेणी घालायची, चहा करायचा आणि तासभर बोलत बसायचे, हा पत्नीचा वर्षानुवर्षांचा नेम. दृष्टी गेल्यावर मी तिला हात धरून नेऊ लागलो आणि बाहेरच्या खोलीत थांबू लागलो. आतले बोलणे प्रथम हलके झाले, नंतर थांबले. “तुम्ही भाईर बसलासा की अक्काला बोलता येत न्हाय,” पत्नी म्हणाली होती. मी पोचवून परतावे आणि पुन्हा न्यायला यावे, हेही तिला मान्य नव्हते. “मी काय दळणाचा डबा हाय?” असे तिने विचारले होते.

काठी आणली. अंधांना शिकवणाऱ्या एका बाईंनी ती कशी धरायची, कशी फिरवायची हे दाखवले. तो मिरची कांडपाचा हंगाम होता. ठसका लागला की मिरची कांडणारी डंकाची गिरण आली आणि तिथून उजवीकडे वळायचे, एवढे पत्नीने स्वतःच ठरवले. कोपऱ्यावरच्या तालमीतली मुले ओरडत, “मावशी, गाडी हाय, गाडी! डावीकडनं या!”

“वरडू नका रे. डोळं गेल्यात, कान हाईत.”

पहिले काही दिवस मी अंतर राखून मागे चालत असे. एकदा ती थांबली आणि मागे न वळता म्हणाली, “चपला वाजत्यात तुमच्या. घरी जावा.” मी परतलो.

त्या दिवशी अक्काच्या घरून तिने ग्रुपवर तेच चित्र पाठवले. सोबत शब्द नव्हता. ती पोचली होती. पुढे ते रोज येऊ लागले. माझ्या एका चुलतभावाने, “वहिनींना काही झालं का?” असे विचारले, तेव्हा मुलीने उलगडा केला. लवकरच साऱ्या नातेवाइकांत त्या चित्राचा एकच अर्थ उरला : ती बहिणीकडे आहे. त्या तासात तिला कुणी फोन करत नसे.

अक्का पावसाळ्यात गेली. बारावे होईपर्यंत पत्नी काठी टेकत रोज तिकडे जात राहिली. मग अक्काच्या मुलाने घराला कुलूप लावले आणि तो उचगावला राहायला गेला.

मुलीच्या निरोपांत चित्र येतच होते. पत्नीने मला तिला फोन लावून द्यायला सांगितले.

“ते चित्र आता टाकू नगं.”

“वाईट वाटतं का गं, आई?”

“वाईट कशाचं? मला जायाला ठिकाण न्हाय, आन ती बाई आपली चालतीया.”

“देवळात जा की. बागेत जा. काठी आहे, सवय झालीय.”

“तिथं माझी वाट कोण बघतंय?”

मुलगी म्हणाली, “नाही टाकणार.” तिने शब्द पाळला.

पाऊस उघडल्यावर एका दुपारी मी पत्नीला म्हणालो, “चल, रंकाळ्यापर्यंत जाऊन येऊ.”

“तुम्ही जाऊन या,” ती म्हणाली. “मी हाय की इथं.”

मी गेलो नाही.