फादरांची छाती

कोल्हापुरात सिस्टरांच्या आश्रमात मी स्वयंपाकाला होते. नव्वद सालानंतरची गोष्ट. कुणी काही विचारलं तर मान हलवायची, एवढंच माझं बोलणं. पण त्यांचा संघ स्थापन करणाऱ्या फादरांचा पुतळा करायचं निघालं, तेव्हा माझ्या तोंडून सुटून गेलं, "आमचे मालक करतात की." मालक म्हणजे माझे यजमान, तालमींसाठी पैलवानांचे पुतळे करायचे.

मोठ्या सिस्टरांनी फोटो दिला. त्यात नुसता चेहरा. फादर परदेशातले, जुन्या काळचे. आपलं ताट अनाथ पोरांपुढं सरकवायचे आणि स्वतः कोरडा पाव खायचे. तसेच झिजून गेले. मालकांना हे सांगितलं होतं. त्यांनी "व्हय, व्हय" केलं आणि हाताला सवय होती तसं घडवलं.

बिशपसाहेब पुतळ्यावर पवित्र पाणी शिंपडायला येणार त्या सकाळी टेम्पो आला. पोतं काढलं. चेहरा हुबेहूब, पण खाली मान बैलाची, आणि झग्यातून छाती नि दंड फुगलेले.

"भाऊ, आमचे फादर उपाशी राहायचे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"मग एवढा संघ कशाच्या जोरावर उभा केला?"

"मनाच्या."

"आता मन प्लॅस्टरात कसं काढू, सिस्टर?"

तरी मालक कानस घेऊन छाती उतरवू लागले. पुतळा आतून पोकळ. भोक पडलं. झाकायला हार आणला, तर तो मानेत अडकला. सोडून पुन्हा बांधला.

"बिशपसाहेबांना पटलं नाही तर परत न्या," सिस्टर म्हणाल्या. आजवर मालकांचा एकही पुतळा परत आला नव्हता. हा आला असता तर ते तालमीत तोंड दाखवणार नव्हते, आणि मी स्वयंपाकघरात.

बिशपसाहेबांनी पुतळ्याभोवती फेरी मारली. "हे... आपले संस्थापक?"

सगळ्या सिस्टर जमिनीकडं बघू लागल्या. मालक माझ्याकडं. मी तोंडातला पदर काढला.

"साहेब, कोल्हापुरात आल्यावर कुणी वाळकं राहतंय व्हय?"

बिशपसाहेब इतके हसले की हातातलं पवित्र पाणी आधी मालकांच्या अंगावर उडालं, मग पुतळ्यावर. तिथून ते सरळ स्वयंपाकघरात आले. "फादरांना काय वाढलंत ते मलाही वाढा," म्हणाले. रस्सा दोनदा घेतला.

पुतळा राहिला. सायकलवरून घरी येताना मालक घुश्शात होते.

"पुतळा मी केला, आणि नाव तुझ्या रश्श्याचं झालं."

मी मागं कॅरियरवर बसून मान हलवली.