फिटरकाका आणि थरथरणारी जीप

गाडीला काय झालंय असं फिटरकाका कधीच विचारत नसत. "किती स्पीडला थरथरतीय?" एवढंच विचारत. साठला सुरू होऊन ऐंशीला थांबते म्हटलं, तर चाकांचं बॅलन्सिंग. ब्रेक लावल्यावरच थरथरते, तर ब्रेकचा ड्रम. आणि खड्ड्यातून गेलं की स्टिअरिंग पिसाळल्यासारखं हलतं, गाडी जवळजवळ थांबवेपर्यंत हलतच राहतं, असं सांगितलं की पुढचं ऐकायला ते थांबत नसत. पोतं अंथरून गाडीखाली शिरत.

फिटरकाका गेल्याचं परवा फोनवर कळलं. मी "बरं" म्हणाले आणि कुकर लावला. मला हल्ली असंच होतं. हे गेले तेव्हाही मी आलेल्या प्रत्येकाला चहात साखर किती, ते विचारत होते.

जीप हा यांचा हट्ट. पंचवीस वर्षं जुनी, सोसायटीत दोन गाड्यांची जागा अडवणारी. ती थरथरायला लागली तेव्हा एका चकचकीत गॅरेजने टायर बदलून दिले, दुसऱ्याने अलाइनमेंट केली आणि तिसऱ्याने "जुन्या जीपा अशाच असतात" हे ज्ञान दिलं. मग कुणीतरी हडपसरच्या फिटरकाकांचं नाव सुचवलं. आयुष्यभर कारखान्यात फिटर होते, निवृत्तीनंतर घराशेजारी पत्र्याची शेड टाकली होती. काका मूळ तिथलेच; आजूबाजूला टॉवर उठले, पण त्यांची शेड आणि त्यांची भाषा जागची हलली नाही.

त्यांची तपासायची रीत साधी होती. पुढची दोन चाकं ज्या दांड्याने जोडलेली असतात, त्याच्या दोन्ही टोकांना गोळ्याचे जोड असतात. काका खाली झोपून एकेका जोडावर तळहात ठेवत आणि मालकाला स्टिअरिंग थोडंसं डावीउजवीकडे हलवायला सांगत. "हलवा. अजून. बास." जोड झिजलेला असला की हाताला बारीक टक लागतो. डोळ्यांना तो दिसत नाही. आमच्या जीपचा डावीकडचा गोळा त्यांनी दहा मिनिटांत पकडला. यांचा चेहरा असा फुलला, जणू स्वतःच शोध लावलाय.

एका दिवशी एकच गोष्ट बदलायची, हाही त्यांचा नियम. "दोन बदलल्या तर खोट कशात हुती ते कळायचं कसं?" मग त्या एका बदलानंतर मालकाने खडकवासल्यापर्यंत जाऊन यायचं. दोनदोन दिवस गाडी अडकते म्हणून लोक वैतागत. काका म्हणत, "घाई आसंल तर रिक्षा हाय की."

हे गेल्यावर जीप आठ महिने उभीच होती. विकायची म्हणून एकदा बाहेर काढली, तर मार्केट यार्डाजवळच्या खड्ड्यानंतर तेच सुरू झालं. मी हडपसरला गेले. काका पोतं अंथरून खाली शिरले. "हलवा. अजून. अजून हलवा." बराच वेळ गेला. मला वर बसून, स्टिअरिंगवरच्या बोटांना तो टक स्वच्छ लागत होता. काका बाहेर आले आणि म्हणाले, "काय न्हाय, मॅडम. गोळे झकास हायेत. तुमालाच सवय ऱ्हायली न्हाय."

नंतर त्यांनी चहा ठेवला आणि उकळतं पातेलं फडक्याशिवाय उचललं. सावकाश गाळला, सावकाश खाली ठेवलं. तळहातावर आधीचेही दोन डाग होते भाजल्याचे. त्यांना साखरेचा त्रास होता हे मला ठाऊक होतं. हातातली जाणीव गेली होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. मी चहा प्यायले, "येते" म्हणाले आणि दुसऱ्या गॅरेजमध्ये जाऊन गोळा बदलून घेतला. त्यांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसले, असं म्हणायला बरं वाटतं. खरं सांगायचं तर त्या वर्षी कुणाचं काही सुधारावं इतकी मला कशाची पडलेलीच नव्हती.

चार महिन्यांनी काका घरी आले. त्यांनी "झकास" म्हणून सोडलेल्या एका जीपचा जोड शेताच्या वळणावर निखळला होता. जीप चरात गेली, मालकाचा हात मोडला.

"मॅडम, तुमची गाडी त्या दिवशी खरंच बरी हुती का?"

"नाही."

"तुमाला तवाच कळलं हुतं?"

"हो."

"शाळंतल्या पोरांच्या वह्यांत हातचा चुकला तरी लाल रेघ मारता की तुमी," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "आयतवारी या."

त्यांनी मधल्या काळात सोडलेल्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या होत्या. स्वतःच्या हातावर आता भरवसा नव्हता, म्हणून माझा हात मागितला. आता पोत्यावर मी झोपायची, वर बसून काका स्टिअरिंग हलवायचे. "सांगा," म्हणायचे. शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, पण इतकं लक्ष देऊन मी कधी काही केलं नव्हतं. दोन रविवार एकही जोड सैल निघाला नाही.

तिसऱ्या रविवारी एकजण आईला घेऊन आला होता. तिला डायलिसिसला याच जीपमधून आठवड्यातून दोनदा नेत होता. म्हातारी बाकावर बसून चिकू खात होती. काकांनी स्टिअरिंग जरासंच फिरवलं आणि माझ्या तळहाताला असा दणका बसला की मी हात मागे घेतला.

"लागला?"

"हो. खूप."

काका खाली उतरले. जीपखालून मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. ते चालत त्या माणसापुढे जाऊन उभे राहिले.

"चूक माजी हाय," ते म्हणाले. "माजा हात गेलाय, ह्ये कुणालाच ठाव नव्हतं."

मला ठाऊक होतं. बाहेर येऊन तसं सांगायला चार पावलं पुरली असती. मी जीपखाली पडून राहिले.