अनुभव म्हणजे कागद नव्हे

त्या माणसाकडे सर्टिफिकेट मागितलं, हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

नव्वदच्या दशकात आम्ही सिंगापुरात होतो. नवरा जहाजावर इंजिनिअर, वर्षातले निम्मे महिने समुद्रावर. दहा वर्षांच्या लेकीला आइस हॉकीचं वेड लागलं. बाहेर घामाच्या धारा, आणि मी रिंकच्या बाकावर शाल पांघरून बसलेली.

तिचे कोच सत्तरी ओलांडलेले कॅनेडियन गृहस्थ, मुलीकडे राहायला आलेले. तरुणपणी हा खेळ खेळूनच त्यांनी पोट भरलेलं. तेव्हा हेल्मेट कोणी घालत नसे. भुवईवर, हनुवटीवर टाक्यांच्या खुणा. पुढचे दात खोटे.

एकदा म्हणाले, "गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पडलो होतो. नर्सनं पेपर आणून दिला, त्यात वाचलं. मालकानं मला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं होतं."

"तुम्हाला न विचारता?"

"घोड्याला विचारतात का?" ते हसले. मला हसू आलं नाही.

पुढे गुडघ्यानं साथ सोडली, तेव्हापासून ते लहान गावांतून पोरांना शिकवत आले होते. पहिला महिना हातात स्टिक देत नसत. आधी पडायला शिका, म्हणायचे. लेक पडली की तिच्याशेजारी तोच दुखरा गुडघा टेकून बसत आणि स्केटची कुठली कड घसरली ते बोटानं दाखवत.

मग रिंकला नवा मॅनेजर आला. एका शनिवारी दारावर नोटीस: यापुढे सर्टिफिकेट असलेलेच कोच. कोचच्या जागी पंचविशीतला एक तरुण, नुकताच कोर्स करून आलेला.

मी तडक ऑफिसात गेले. "त्यांना कसलं सर्टिफिकेट मागता? उभा जन्म बर्फावर गेलाय त्यांचा!"

"अनुभव म्हणजे कागद नव्हे, मॅडम," मॅनेजर शांतपणे म्हणाला.

बाहेर माझ्याइतकेच तणतणणारे पालक आत येताच घड्याळं बघू लागले. एक पुणेकर तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, आपण परक्या देशात वर्क पासवर राहणारी माणसं. कशाला उगाच वाद?" मॅनेजरपेक्षा त्यांचाच मला जास्त राग आला.

पुढच्या शनिवारी कोच तिकीट काढून इतरांसारखे स्केटिंगला आले. लेक त्यांच्यामागे गेली, तिच्यामागे आणखी चौघं. ते वळले की ही वळायची, ते थांबले की ही थांबायची. मॅनेजर धावत आला. "इथे शिकवायचं नाही!"

"मी कुठे शिकवतोय? मी तर फिरतोय."

तेवढ्यात तो नवा तरुण कोच गळ्यातली शिट्टी काढून रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. "अंकल, ते मागे सरकत वळणं पुन्हा दाखवा ना. कोर्समध्ये हे नव्हतं." मग मॅनेजरकडे वळून म्हणाला, "हे नसतील तर मीही नाही."

शेवटी तोडगा निघाला. कोचना परत घेतलं, पण कागदोपत्री त्या तरुणाचा 'मदतनीस' म्हणून. तसा बिल्लाही दिला. कोचनी तो निमूटपणे स्वेटरला लावला आणि बर्फावर उतरले. पालकांनी टाळ्या वाजवल्या, पुणेकरांनी सगळ्यात जोरात.

मी हात शालीतून बाहेर काढले नाहीत.